चॅट्सवर्थ पाहायला जाताय? घर, बाग आणि पार्क यांचा क्रम आधी ठरवा

मुलाकडे किंवा लेकीकडे आलेले आई-बाबा, लेस्टर-बर्मिंगहॅमकडची आपली कुटुंबं, शेफील्डला शिकणारी मुलं. यातलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या डार्बीशरचा जुना मोठा वाडा, चॅट्सवर्थ हाऊस, पाहून येतं आणि आल्यावर सांगतं, "जागा सुंदर आहे, पण घर आतून नीट बघायचं राहूनच गेलं." मी विचारते, आधी कुठे गेलात? उत्तर ठरलेलं असतं. पोहोचल्यावर चहा, मग नदीकाठी फोटो, मग दुकानं, मग जेवण, आणि साडेतीनला घराच्या दाराशी धावपळ.

म्हणून हा लेख. घराण्याचा इतिहास यात नाही, तो तिथल्या पाट्यांवर भरपूर आहे. दिवस कसा आखायचा, कशानंतर काय करायचं आणि कुठे चुकतं, एवढंच सांगते. उदाहरण चॅट्सवर्थचं घेतलं असलं तरी इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या कंट्री हाऊसना हाच क्रम लागू पडतो.

१. आधी हे समजून घ्या: घर, बाग आणि पार्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत

सगळा गोंधळ "पार्क" या शब्दापासून सुरू होतो. आपल्याकडे पार्क म्हटलं की कुंपण, बाकं, घसरगुंडी आणि फिरायला आलेले आजोबा डोळ्यांसमोर येतात. इथे पार्क म्हणजे घराभोवती पसरलेली कुरणं. मधून नदी वाहते, मोठमोठे ओक उभे असतात, मेंढ्या चरतात, हरणं फिरतात. चॅट्सवर्थचं पार्क साधारण १,००० एकरांचं आहे. डर्वंट नदी त्यातून जाते आणि पायी फिरणाऱ्याला त्याचं तिकीट लागत नाही. गाडी लावायचे पैसे मात्र लागतात.

बाग वेगळी. ती १०५ एकरांची आहे, तिला कुंपण आणि तिकीट दोन्ही आहे. कारंजी, भूलभुलैया, खडकांची रचना, काचघरं हे सगळं बागेत येतं. घराचं दार तिसरं. शिवाय लहान मुलांसाठीचं फार्मयार्ड आणि खेळायची जागा यांचं तिकीट निराळं असतं.

म्हणजे घरी बसूनच एक निर्णय घ्यायचा: आज तिन्ही करायचं की एखादं? माझं मत स्पष्ट आहे. बरोबर पाच वर्षांच्या आतली मुलं असतील तर घर सोडून द्या, बाग आणि फार्मयार्ड करा. पासष्टीच्या पुढची मंडळी असतील तर घर आणि बाग करा, पार्कातून फक्त शेजारच्या एन्झर गावापर्यंत जाऊन या. तिन्ही एका दिवसात बसतं, पण सकाळी उघडायच्या वेळेला दारात असाल तरच.

तपासा: घर कुणाच्या ताब्यात आहे? ही चूक फार महागात पडते. चॅट्सवर्थ एका स्वतंत्र धर्मादाय ट्रस्टकडे आहे. तासाभराच्या आत असलेलं हार्डविक हॉल नॅशनल ट्रस्टकडे आहे, तर बोल्सोव्हर कॅसल इंग्लिश हेरिटेजकडे. या दोन्ही जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या वेगवेगळ्या संस्था आहेत. नॅशनल ट्रस्टचं वर्षाचं सभासदत्व घेतलेल्या एका ओळखीच्या कुटुंबानं सहा जणांना घेऊन चॅट्सवर्थ गाठलं आणि दारात सहा तिकिटं नव्यानं काढली. तिथलं कार्ड इथे चालत नाही.

२. तारीख ठरवा

पार्क वर्षभर खुलं असतं. घर आणि बाग तशी नसतात. जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत घर साधारणपणे बंद असतं, कारण तेव्हा झाडलोट, डागडुजी आणि वस्तूंची निगा चालते. दर वर्षी तारखा थोड्या हलतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचं पान उघडून पाहाच. गेल्या वर्षीच्या फोटोवर किंवा कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

ऋतूंबद्दल थोडं. एप्रिल-मे मध्ये कोकरं असतात आणि झाडांना नवी पालवी असते. जूनमध्ये दिवस रात्री साडेनऊपर्यंत लांबतो, त्यामुळे घर संपवूनही पार्काला पुरेसा वेळ मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून मे किंवा जून सांगते. ऑक्टोबरचे रंग उत्तम, पण तो हरणांच्या माजाचा काळ आहे. त्याबद्दल पुढे येईलच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घर नाताळासाठी सजवतात. ती सजावट पाहण्यासारखी असते, तिकिटं लवकर संपतात, पण मूळ खोल्या मूळ रूपात पाहायच्या असतील तर ती वेळ तुमची नाही. झाडं, रोषणाई आणि देखावे यांच्यामागे निम्मी खोली दिसत नाही. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो हेही लक्षात ठेवा.

सावधान: ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुमारास पार्कात मोठी जत्रा भरते, तिला कंट्री फेअर म्हणतात. त्या दिवसांत रस्ते तुंबतात आणि नेहमीचं शांत पार्क तुम्हाला मिळणार नाही. बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा, सोमवारही टाळा. मंगळवार ते गुरुवार यांतला एखादा वार साधता आला तर उत्तम.

३. तिकीट काढताना

तिकीट ऑनलाइन काढा आणि त्या पानावर चार गोष्टी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

पहिली, तिकिटात काय काय आहे. "गार्डन" असं लिहिलेल्या तिकिटावर घरात सोडणार नाहीत. घर आणि बाग मिळून असलेलं तिकीट निराळं असतं.

दुसरी, वेळ. तिकिटावर येण्याची वेळ छापलेली असेल तर ती घरासाठी असते. दिवसातली पहिली किंवा दुसरी वेळ घ्या. "आधी आरामात फिरू, मग दुपारी घर" असा विचार करून दोनची वेळ घेणारे लोकच पुढे पस्तावतात.

तिसरी, पार्किंग. तिकिटात ते धरलं आहे की वेगळं भरायचं, ते नीट बघा.

चौथी, गिफ्ट एड. एकाच तिकिटाच्या दोन किमती दिसतात आणि जास्तीच्या किमतीपुढे हा शब्द असतो. तुम्ही थोडी देणगी घालून पैसे भरता आणि ट्रस्ट सरकारकडून प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स मागून घेतो, असा तो व्यवहार आहे. पण पैसे भरणाऱ्यानं ब्रिटनमध्ये तेवढा कर भरलेला असला पाहिजे. भेटीला आलेले बाबा स्वतःच्या भारतीय कार्डानं तिकीट काढत असतील तर त्यांनी साधी किंमत निवडायची. त्यात कमीपणा काही नाही, नियमच तसा आहे. इथे नोकरी करून कर भरणाऱ्यानं मात्र जरूर ती खूण करावी, पैसा त्या घराच्याच छपराला लागतो.

तपासा: तिकिटाचा ईमेल फोनमध्ये उतरवून किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवलात का? दऱ्याखोऱ्यांचा भाग आहे, मोबाइलचं नेटवर्क मध्येच जातं. आठ माणसांची रांग मागे उभी आणि पुढे ईमेल उघडत नाही, हा प्रसंग दर भेटीत कुणावर तरी येतोच.

४. पोहोचायचं कसं

गाडीनं: दक्षिणेकडून येत असाल तर एम१ मोटरवेच्या २९ क्रमांकाच्या जंक्शनला उतरून चेस्टरफील्डमार्गे या. सॅटनॅव्हमध्ये डीई४५ १पीपी हा पोस्टकोड घालता येतो, पण शेवटच्या पाच-सहा मैलांत तपकिरी रंगाच्या पर्यटन पाट्यांवर जास्त विश्वास ठेवा. यंत्र कधी कधी शेतातल्या अरुंद रस्त्यानं नेतं. पार्कातल्या रस्त्यावर मेंढ्यांना कुंपण नसतं. त्या रस्त्याच्या मधोमध बसतात आणि हॉर्नला अजिबात भीक घालत नाहीत. थांबायचं, हळू पुढे सरकायचं.

रेल्वेनं: लंडनच्या सेंट पँक्रसहून चेस्टरफील्ड दोन तासांच्या आसपास. तिथून चॅट्सवर्थ साधारण दहा मैल. टॅक्सी मिळते, पण परतीची आधीच ठरवून ठेवा. दारात टॅक्सी उभी असेल या भरवशावर राहू नका. शेफील्डहून २१८ क्रमांकाची बस चॅट्सवर्थमार्गे बेकवेलला जाते. चेस्टरफील्डकडून बेकवेलला जाणारी बस बॅस्लो गावात उतरवते आणि तिथून नदीच्या बाजूनं अडीच किलोमीटरच्या आसपास सपाट पायवाट घरापर्यंत येते. पाय चांगले असतील तर मी हाच रस्ता सुचवेन. घर एकदम समोर येत नाही, झाडांतून हळूहळू उघडत जातं.

एक छोटी गोष्ट, पण उपयोगी. Edensor या गावाचं नाव नकाशात वाचून उच्चारलं तर कुणाला कळत नाही. त्याचा उच्चार "एन्झर". आणि Derby म्हणजे "डार्बी".

सावधान: परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच फोनमध्ये लिहून ठेवा. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं.

५. अंगावर काय, पिशवीत काय

पायांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. माझ्या आत्याला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा तिनं नवी कोरी कोल्हापुरी घातली होती. बागेतल्या वाटा बारीक खडीच्या आहेत, चपलेत खडे शिरतात. आणि पार्कातलं गवत जूनमध्येही सकाळी दहापर्यंत ओलं असतं. उतारावर तिचा पाय सरकला. लागलं नाही, पण उरलेला दिवस ती माझा हात धरूनच चालली. मागून पकड असलेले बंद बूट घाला. टोकदार टाचांच्या चपला तर घरातही नकोत, जुन्या लाकडी जमिनीला त्यांनी खड्डे पडतात.

साडी नेसायची असेल तर जरूर नेसा, फोटो सुंदर येतात. फक्त नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसा. ओल्या गवतानं काठ भिजला की तो दिवसभर पोटरीला गार लागत राहतो.

कपडे एकावर एक घाला. दगडी भिंतींची मोठी घरं आतून थंड असतात, जुलैतही. छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट-जॅकेट बरं, कारण ओली छत्री घरात घेऊन फिरता येत नाही आणि टेकडीवरच्या वाऱ्यात ती उलटी होते.

पिशवी लहान ठेवा. पाठीवरची मोठी सॅक घरात पुढे छातीवर घ्यायला किंवा बाहेर ठेवायला सांगतात. अरुंद दारातून वळताना सॅकचा धक्का दोनशे वर्षं जुन्या फुलदाणीला लागू शकतो, तेव्हा ते रास्तच आहे. पिशवीत पाण्याची बाटली, रोजची औषधं, मधुमेह असेल तर खायला काहीतरी, मोज्यांचा जास्तीचा जोड आणि गवतावर अंथरायला प्लास्टिकची बाजू असलेली सतरंजी घ्या. पार्कात लांब चालणार असाल तर सरकारी नकाशांपैकी ओएल२४ हा व्हाइट पीकचा नकाशा घ्या, किंवा फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवा.

६. पोहोचल्यानंतरचा पहिला अर्धा तास

इथे दिवस जमतो किंवा बिघडतो.

गाडीतून उतरल्याबरोबर नदीकडे धावू नका. आधी स्वच्छतागृह. घरातला मार्ग एकाच दिशेनं पुढे जातो आणि मध्येच बाहेर पडून परत येणं सोपं नसतं. मग दारातल्या माणसाला तीन प्रश्न विचारा: आज घरातली कोणती खोली बंद आहे? आज कोणती कारंजी चालू आहेत आणि किती वाजेपर्यंत? घराचा शेवटचा प्रवेश कितीला? शेवटचा प्रवेश आणि बंद होण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा प्रवेश बराच आधी बंद होतो. एका दुसऱ्या जुन्या घराच्या दारातून मी स्वतः अशीच परत फिरले आहे. घर बंद व्हायला पन्नास मिनिटं होती, पण प्रवेश दहा मिनिटांपूर्वीच थांबला होता.

गुडघ्यांचा त्रास असलेली मंडळी बरोबर असतील तर तेही इथेच सांगा. घरात जिने बरेच आहेत. लिफ्ट आणि व्हीलचेअरची सोय आधी विचारली तर नीट होते, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात अडकल्यावर नाही. आपल्या लोकांना, विशेषतः आयांना, "मला जमेल गं" म्हणायची सवय असते. त्यांच्या वतीनं तुम्हीच विचारा.

७. घर आधी: दीड ते दोन तास

आत गेल्यावर पहिलं मोठं दालन पेंटेड हॉल. सगळे तिथेच माना वर करून उभे राहतात आणि पहिल्या वीस मिनिटांतच थकतात. छतावर ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. जिन्यावरून वर जाताना ते जास्त जवळून आणि मान न मोडता दिसतात. खाली दोन मिनिटं पाहा आणि पुढे चला.

मला वाटतं प्रत्येक खोलीला सारखा वेळ देण्यात अर्थ नाही. दोन ठिकाणी मात्र जरूर रेंगाळा. एक म्हणजे संगीताच्या खोलीतलं व्हायोलिनचं दार. अर्धवट उघड्या दारातून आतल्या दारावर टांगलेलं व्हायोलिन दिसतं. ते व्हायोलिन नाही, रंगवलेलं चित्र आहे. समोरून पाहा, मग एक पाऊल डावीकडे, एक पाऊल उजवीकडे सरका. तारांची सावली आणि लाकडाची चमक दोन्ही रंगांतली आहेत हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. घाईत गेलेले लोक "अरे, व्हायोलिन लावलंय" म्हणून पुढे जातात.

दुसरी जागा शेवटाकडे, शिल्पांच्या दालनात. तिथे राफाएल मोंटीनं घडवलेली बुरखा घेतलेली संगमरवरी स्त्री आहे. चेहऱ्याजवळ उभे राहा, अर्थात हात न लावता. दगडाचा तो पदर नाकावर ताणलेला आहे आणि हनुवटीखाली सैल पडलाय. खालून डोळे मिटलेले दिसतात. कापड आणि कातडी दोन्ही एकाच दगडाची आहेत. पदराच्या या चुण्या नीट पाहायला निवांत वेळ हवा. घर आधी करा म्हणते त्याला हेही एक कारण आहे.

खोल्यांत उभे असलेले लोक पहारेकरी नाहीत. त्यांना विचारलेलं आवडतं. "या खोलीत तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" एवढाच प्रश्न टाका. पाटीवर नसलेलं काहीतरी ऐकायला मिळतं. कुणाला बसायचं असेल तर दोरी लावलेल्या खुर्च्या सोडून कोणत्या खुर्चीवर बसता येईल तेही तेच सांगतील.

सावधान: फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक आत नको. भिंतीवरच्या कापडाला, पलंगाच्या पडद्यांना आणि सोनेरी चौकटींना बोटही लावू नका. बोटांचा घाम कापडावर राहतो आणि वर्षानुवर्षांत तिथे डाग दिसू लागतो. खिडक्यांचे पडदे अर्धे ओढलेले असतात ते प्रकाशानं रंग उडू नयेत म्हणून. ते सरकवू नका.

८. मग बाग

घरातून बाहेर पडल्यावर सगळे सरळ कारंज्याकडे जातात. त्याआधी आकाश आणि वारा पाहा. लांब तळ्यातलं एम्परर फाउंटन १८४४ सालचं आहे. पंप न लावता, टेकडीवर खणलेल्या तळ्यातून उताराच्या जोरावर ते चालतं. २९६ फुटांपर्यंत उसळल्याची त्याची नोंद आहे. पण रोज तेवढं उडत नाही. वारा असेल तर कमी ठेवतात, उन्हाळ्यात वरच्या तळ्यातलं पाणी घटलं तर बंदही ठेवतात. पायऱ्यापायऱ्यांवरून पाणी उतरणाऱ्या कॅस्केडचंही तसंच. दुरुस्ती चालू असेल तर तिथे कोरडे दगडच दिसतील. "इतक्या लांब येऊन कारंजं बंद" अशी निराशा टाळायची असेल तर सकाळी दारात विचारलेला तो दुसरा प्रश्न विसरू नका.

क्रम असा ठेवा: आधी कारंजं, कारण त्याला वेळ बांधलेली असते. मग एकोणिसाव्या शतकातला इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टननं रचलेले खडक. मग भूलभुलैया. १,२०९ यू झाडांचा हा चक्रव्यूह १९६२ साली, जिथे पूर्वी पॅक्स्टनचं प्रचंड काचघर होतं त्या जागी लावला. लहान मुलांना आत एकटं सोडू नका. कुंपणं त्यांच्या डोक्यावरून वर जातात आणि हाकेला उत्तर कोणत्या बाजूनं आलं ते कळत नाही. यूच्या लाल फळांतल्या बिया आणि पानं विषारी असतात, तोडून तोंडात घालू देऊ नका. शेवटी धातूचं विलो झाड. त्याच्या फांद्यांतून अचानक पाणी उडतं, मुलं तिथून हलत नाहीत. म्हणून ते शेवटी. ओले कपडे घेऊन पुढे बाग फिरायची नाही.

काचघरांशी आपलं एक नातं आहे. कॅव्हेंडिश हे या घराण्याचं आडनाव. पॅक्स्टननं १८३०च्या दशकात इथल्या काचघरात जी केळ वाढवली, तिला घराण्याचं नाव मिळालं. जळगाव-रावेरकडे शेतकरी जी ग्रँड नैन लावतात ती याच कॅव्हेंडिश गटातली. शिवाय १८३५ साली इथला जॉन गिब्सन नावाचा माळी भारतात पाठवला होता. तो कोलकात्याहून अ‍ॅमहर्स्टिया आणि खासी टेकड्यांतली ऑर्किड घेऊन परतला. काचघरं रोज पाहता येतीलच असं नाही, विचारून घ्या.

तपासा: तुमचं तिकीट त्या दिवशी पुन्हा बागेत सोडतं का? जेवायला बाहेर पडण्याआधी फाटकावर विचारा.

९. जेवण

खानपानाची मुख्य जागा म्हणजे जुन्या घोड्यांच्या पागा. साडेबारा ते दोन या वेळात तिथे उभं राहायलाही जागा नसते. पावणेबाराला किंवा सव्वादोनला जा.

शाकाहारी मंडळींसाठी एवढंच: इथे "व्हेजिटेरियन" म्हणजे अंडं चालतं असं धरलेलं असतं. केक आणि पाय (pie) यांत बहुधा अंडं असतं, स्कोनवर चकाकी यावी म्हणून कधी अंड्याचा हात फिरवतात, बेकवेलचं प्रसिद्ध पुडिंग तर अंड्यावरच उभं आहे. "अंडं आहे का?" असं स्पष्ट विचारा. अ‍ॅलर्जीची यादी मागितली तर दाखवतात आणि त्यात अंडं वेगळं लिहिलेलं असतं.

माझा सल्ला घरच्या डब्याचा आहे. थेपले, बटाट्याची कोरडी भाजी, दही-चटणीचे सँडविच आणि थर्मासमध्ये चहा. पार्कात सतरंजी अंथरून खाता येतं. चूल, बार्बेक्यू किंवा डिस्पोजेबल शेगडी मात्र पेटवायची नाही, कोरड्या गवताला क्षणात आग लागते. उरलेलं अन्न मेंढ्यांना किंवा बदकांना घालू नका. प्रेमानं घातलेली पोळीही त्यांना बाधते.

पिल्सली गावातलं फार्म शॉप घरापासून दीड मैलावर आहे. ते जेवणाच्या वेळात घुसडू नका. परतताना गाडीनं जाता येईल.

१०. दुपार पार्काला द्या

आता घाई नाही. घर आणि बाग बंद झाली तरी पार्क राहतंच, आणि साडेचारनंतर गर्दी ओसरते तेव्हाच ते खरं फिरावं.

सगळ्यांना जमेल असा रस्ता: घरासमोरच्या तीन कमानींच्या पुलावरून नदी ओलांडा आणि कुरणातून एन्झरला जा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. गावातल्या चर्चच्या मागे, उतारावरच्या दफनभूमीत पॅक्स्टनची आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण कॅथलीन केनेडी हिची कबर आहे. दुसरा रस्ता नदीकाठानं दक्षिणेला, कॅल्टन लीजजवळच्या एका कमानीच्या पुलापर्यंत. हा सपाट आहे. तिसरा चढाचा, घरामागच्या जंगलातून टेकडीवरच्या हंटिंग टॉवर या जुन्या बुरुजापर्यंत. वरून सगळी रचना एका नजरेत येते, पण गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं.

फाटकांचा नियम साधा: जसं दिसलं तसं ठेवायचं. बंद असेल तर बंद करून पुढे. एका वेळी एकच माणूस जाईल असं झुलतं फाटक असतं त्याला किसिंग गेट म्हणतात. त्यात शिरून फाटक मागे ढकलायचं, मग बाहेर पडायचं. बाबागाडी घेऊन यात अडकाल, म्हणून तिच्यासाठी डांबरी रस्त्याचीच बाजू धरा. अशा घरांच्या हिरवळीच्या कडेला कधी कधी खोल खंदकात लपवलेली भिंत असते, तिला हा-हा म्हणतात. घरातून ती दिसू नये म्हणूनच बांधलेली असते. धावणाऱ्या मुलांना ती काठावर पोहोचेपर्यंत दिसत नाही.

सावधान, हरणं: किमान ५० मीटर अंतर ठेवा. जूनमध्ये पाडसं उंच गवतात निपचित पडून असतात. ती टाकून दिलेली नसतात, आई जवळपासच असते. हात लावू नका. ऑक्टोबरात नर माजावर येतात, डरकाळ्यांसारखे आवाज काढतात आणि माणसावरही धावून येऊ शकतात. फोटोसाठी नर आणि माद्यांच्या मध्ये कधीही जाऊ नका.

सावधान, कुत्रा बरोबर असेल तर: दोरीला बांधलेलाच ठेवा. गाई अंगावर आल्या तर मात्र दोरी सोडा. गाईंचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून सुटतो, तुम्ही नाही.

नदी उथळ आणि शांत दिसते. तरी पाण्यात उतरू नका. तळाशी शेवाळलेले दगड आहेत आणि पाणी उन्हाळ्यातही झोंबतं.

११. निघण्याआधी आणि घरी पोहोचल्यावर

गाडीत बसण्याआधी बुटांचा चिखल गवतावर घासून काढा, त्यात मेंढ्यांच्या लेंड्याही असतात. मुलांचे हात साबणानं धुवा, फक्त सॅनिटायझर पुरत नाही. फार्मयार्डात गेला असाल तर हे न चुकता.

त्याच संध्याकाळी, आंघोळीच्या वेळी, सगळ्यांचं अंग गोचीड आहे का ते तपासा. उंच गवतातून फिरल्यावर त्या चढतात. काख, जांघ, गुडघ्यामागची घडी, मुलांच्या केसांची कड आणि कानामागे पाहा. दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. तेल, चुना, मेणबत्ती असले घरगुती उपाय करू नका. नंतर जागा साबण-पाण्यानं धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे वाढत जाणारं लालसर वर्तुळ दिसलं किंवा ताप-कणकण आली तर जीपीला (फॅमिली डॉक्टरला) किंवा १११ या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला फोन करून गोचीड चावल्याचं आणि तारीख दोन्ही सांगा. आई-बाबा तोवर पुण्याला परतले असतील तर त्यांच्या डॉक्टरांना "इंग्लंडमध्ये गोचीड चावली होती, लाइम आजाराची शंका आहे" असं आठवणीनं सांगायला लावा. त्यांच्या रोजच्या पेशंटांत हा आजार क्वचित असतो, आपण सांगितलं नाही तर तो त्यांच्या मनात येणार नाही.